पगारातून कापलेले दोनशे

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाऊस लहरी. त्या साली विहिरी आटल्या, दावणीची जनावरं मातीमोल गेली. आई-अण्णा खडी फोडायला गेले. सरकारनं कामं काढली म्हणून आम्ही जगलो. पण ती सरकारची मर्जी होती. काढली तर काढली, बंद केली तर बंद.

रोजगार हमीनं त्या मर्जीचा हक्क केला. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९७७ साली कायदा झाला, मागेल त्याला काम. पण मजुरीला पैसा लागतो, तोही दर साल. त्यासाठी १९७५ सालीच व्यवसाय कर आणला होता. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर, सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं. जितकं गोळा होईल तितकीच भर सरकारनं घालायची.

आमच्या गावचा पाझर तलाव याच हमीतला. आई तिथं मातीच्या पाट्या वाहायची. शेतात बाईला गड्याच्या निम्मी मजुरी, इथं मात्र सारखी. पगार झाला की पदराला गाठ मारून ती ताठ मानेनं बाजाराला जायची. हा पैसा मुंबईच्या कुण्या कारकुनाच्या पगारातून आला हे तिला ठाऊक नव्हतं, अन त्यालाही. तेच पैसे गावातल्या एखाद्या शेटजीनं दिले असते, तर जन्मभर त्याच्या दारात वाकावं लागलं असतं. दान अन कर यांच्यात मला दिसलेला फरक एवढाच.

सगळं गोडच झालं असं नाही. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं लागलेली मी पाहिलीत. मग लोक म्हणतात, कर भरायचाच कशाला? अहो, बियाणं बोगस निघालं म्हणून आपण पेरणी सोडतो का? पावती घेऊन दुकानदाराला जाब विचारतो. शेतीच्या उत्पन्नावर आम्हाला प्राप्तिकर नाही, खरं आहे. पण डिझेल, साबण, फवारणीचं औषध घेताना आम्हीही भरतोच. म्हणजे जाब विचारायचा हक्क आमचाही.

पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. महिन्याला दोनशे व्यवसाय कर कापतात म्हणून कुरकुर करत होता. त्याला तलावाच्या भरावावर नेलं अन खालची विहीर दाखवली. तलाव झाल्यापासून तिला मार्चपर्यंत पाणी असतं. म्हणलं, "बाबा, या पाण्यावर तुझ्या बापानं कांदा पिकवला, अन त्या कांद्यावर तुझी कॉलेजची फी भरली."

पोरगं जरा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "नाना, फेब्रुवारीत तीनशे कापतात बरं का."