रोशनदान

उर्दूत एका नुक्त्याने अर्थ फिरतो. नुक्ता वर असला तर 'खुदा', खाली आला तर 'जुदा'. बे, पे, ते यांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. अंधाऱ्या वर्गात भिंतीकडच्या बाकावरची मुलगी 'पे'ला 'बे' वाचते आणि आपण तिच्या नावापुढे 'वाचन कच्चे' असा शेरा मारून मोकळे होतो. डोळे तपासायला सांगणारे थोडे. वर्ग तपासणारा तर कुणीच नाही.

बी.एड.ला शिकवले होते की उजेड डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली आड येत नाही. परीक्षेपुरते पाठ केले. उर्दू शाळेत लागल्यावर त्याचा खरा अर्थ कळला. खिडकी उजवीकडे असेल तर सावली हाताच्या डावीकडे पडते. मराठी लिहिणाऱ्याचे तिथले शब्द लिहून झालेले असतात. उर्दू लिहिणाऱ्याला मात्र पुढचा शब्द नेमका तिथेच लिहायचा असतो! आमच्या वर्गाची खिडकी उजवीकडेच होती. फळा समोरच्या भिंतीवर घ्या, बाके फिरवा, एवढेच माझे म्हणणे. खर्च काळ्या रंगाच्या डब्याचा. "आपा, इतकी वर्षे मुली शिकल्याच ना?" हे उत्तर मिळाले.

रोशन गेटकडच्या जुन्या घरांना सेहन होता, दालान होते, भिंतीत उंचावर रोशनदान होते. आता सेहनावर स्लॅब पडला आणि रोशनदानाला शेजाऱ्याची भिंत लागली. भर दुपारी ट्यूबलाइट जळते. आपल्याला वाटते, उजेड भरपूर आहे. डोळा फसवतो, कारण तो जुळवून घेतो. ढगाळ दिवशीही बाहेर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असू शकतो. वर्गात 300 लक्स मिळाले तरी पुष्कळ समजतात. 2002 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. दिवसा उजेड कमी आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा, म्हणजे त्या घड्याळाला उलटीच खबर. मग झोप उडते, सकाळी चिडचिड होते, हिशेबात चुका होतात. रमजानमध्ये मुली पेंगल्या की आपण सगळे रोज्यावर ढकलतो. सहरीने झोप मोडते हे खरे, पण अंधारी खोली त्यात भर घालते.

मुलींचे तर आणखी अवघड. मुले निदान गल्लीत क्रिकेट खेळतात. मुलगी शाळेच्या ट्यूबखालून घरच्या बल्बखाली जाते. ऊन मिळते ते येण्याजाण्याच्या वाटेवर.

दोन वर्षे मागे लागल्यावर फळा एकदाचा समोरच्या भिंतीवर आला. भिंतीकडची रांग मात्र अजून अंधारीच आहे. म्हणून दर सोमवारी रांगा बदलतो. त्या दिवशी खिडकीच्या जागेवरून भांडण ठरलेले.