घेवड्यावरचा मावा

शेती हे श्रावकाचे काम आहे की नाही, हा वाद जैन समाजात जुना आहे. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकवली, असे आचार्य जिनसेनांचे आदिपुराण सांगते. म्हणजे कृषीला तेथे स्थान आहेच. तरीही नांगराच्या फाळाखाली जीव जातात, या भयाने अनेक घराण्यांनी शेतापेक्षा पेढी जवळ केली. वालचंदनगर हे या वादाला मिळालेले एक निराळेच उत्तर म्हटले पाहिजे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात ऊसमळे उभे केले, साखर कारखाना काढला आणि त्याभोवती एक गाव वसले. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरचा कोरडा टापू हिरवा झाला. जेथे हिरवे झाले, तेथे त्या हिरव्यावर जगणारे जीवही आले.

या टापूतील ऊस उत्पादकांना २००२ नंतरची दोन-तीन वर्षे विसरता येणार नाहीत. त्या वर्षी सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता तो सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडे पसरला. पानाच्या खालच्या बाजूला कापूस चिकटवावा तशी पांढरी लव. खालच्या पानांवर चिकट गोड स्राव आणि त्यावर चढलेली काळी बुरशी. पहिला उपाय अर्थातच विषाचा झाला. पण पुरुषभर उंचीच्या, एकमेकांत गुंतलेल्या उसात पंप घेऊन शिरणे अवघड, आणि जे विष माव्याला मारी, तेच माव्याला खाणाऱ्यांनाही मारी. अखेर उपयोगी पडले ते हे खाणारेच. डिफा नावाच्या लहानशा पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा कीटक माव्याच्या वसाहतीतच वाढतात. ज्या फडात फवारणी थांबली, तेथे त्यांची संख्या आपोआप वाढू लागली. शेतकरी अशा अळ्या असलेली पाने तोडून दुसऱ्याच्या फडात नेऊन बांधू लागले. हेक्टरी डिफाच्या हजार अळ्या किंवा मायक्रोमसच्या अडीच हजार, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करू लागले.

शेतीशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न तेथे सुटला. श्रावकाच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. एका त्रस जीवाला खाण्यासाठी दुसरा त्रस जीव विकत आणून सोडणे, हे काय आहे? हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारे मोजणाऱ्या परंपरेला या प्रश्नाकडे डोळेझाक करता येत नाही.

वालचंदनगरच्या वसाहतीतील एका घरात हा प्रश्न उसाच्या नव्हे, तर घेवड्याच्या वेलावर उभा राहिला. कारखान्याच्या यंत्रशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि व्रतप्रतिमा घेतलेल्या त्यांच्या पत्नी. परसात घेवड्याचा मांडव, चार वांगी, टोमॅटो, कढीपत्ता. मार्गशीर्षातल्या ढगाळ थंडीत घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा इतका दाटला की देठ दिसेनासे झाले. शेजाऱ्याने औषधाची बाटली देऊ केली. पत्नी शांतपणे म्हणाल्या, “अहो, ते मारलंत तर या वेलाची शेंग माझ्या ताटात येणार नाही.” घेवडा हा गृहस्थांचा हौसेचा विषय. आपण पिकवलेले घरातले माणूस खाणार नाही, ही गोष्ट त्यांना लागली.

मग ‘नैसर्गिक’ उपायांचा शोध सुरू झाला. लसूण-मिरचीचा अर्क सर्वांत सोपा. पण त्या घरात लसूण येत नाही. दशपर्णी अर्कात शेण, गोमूत्र आणि पाला महिनाभर कुजवायचा, म्हणजे आंबवण्यातच असंख्य जीवांची उत्पत्ती. तंबाखूचे पाणी झटपट काम करते, असे कोणी सांगितले. “हे तर झाडपाल्याचंच आहे,” असे गृहस्थ म्हणाले, तेव्हा उत्तर आले, “नैसर्गिक तर सापाचं विषही असतं.” त्यांचे म्हणणे रसायनशास्त्रालाही धरून होते. तंबाखूतील निकोटिन हे जहाल विष आहे, आणि आज मधमाश्यांच्या नाशाबद्दल ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ती निओनिकोटिनॉइड गटाची कीटकनाशके त्याच्याच धर्तीवर बनलेली आहेत. सेंद्रिय या शब्दावर निर्धास्त होणाऱ्या श्रावकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, मासळी कुजवून केलेली द्रावणेही त्याच नावाखाली विकली जातात. नैसर्गिक आणि अहिंसक हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत.

वाट सापडली ती स्वयंपाकघरात. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावणे, गहू कडक उन्हात वाळवणे, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, ही कामे जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. धान्याला कीड लागल्यावर तिचे काय करावे, हा प्रश्न जाणती श्राविका उद्भवूच देत नाही. उद्भवला, तर त्याचेही उत्तर समाजाने शोधले होते. अहमदाबादच्या पांजरापोळात किडलेल्या धान्यातील जीवांसाठी ‘जीवातखाना’ नावाची स्वतंत्र खोली असे. पण ते उत्तर नंतरचे. आधीचे उत्तर म्हणजे जयणा, आणि तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादालाच मुख्य मानले आहे.

त्या नजरेने वेलाकडे पाहिले, तेव्हा बरेच काही दिसले. गृहस्थ दर पंधरवड्याला मुठीने युरिया देत होते. जास्त नत्राने पालवी लुसलुशीत होते आणि माव्याची सोंड अशाच पालवीत सहज शिरते. माव्याच्या मादीला नराचीही गरज नसते. ती थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत पुढची पिढी देऊ लागतात. म्हणून चार दिवसांचे दुर्लक्षही पुरते. युरिया बंद झाला, कुजलेले शेणखत आले. दुसरी गोष्ट मुंग्यांची. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना जवळ येऊ देत नाहीत. मांडव भिंतीला टेकला होता. तो हातभर दूर घेतला आणि बुंध्याभोवती रोज हळदीची रेघ पडू लागली. मुंग्यांचा विषारी खडू घरात आला नाही.

सर्वांत दाटलेले शेंडे खुडून कुंपणाबाहेरच्या गवतावर ठेवले गेले. ते जीव तेथे जगले असतील असे मानणे भाबडेपणाचे होईल; हे समाधान अर्धेच, आणि पत्नींनीही ते तसेच मानले. उरलेल्या, अजून स्वच्छ असलेल्या वेलावर निंबोळीचा पाच टक्के अर्क गेला. पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर करायची, हे शेताचे प्रमाण. परसाला पन्नास ग्रॅम भरड आणि एक लिटर पाणी पुरते, त्यात दोन ग्रॅम साधा साबण. कडवटपणामुळे कीड त्या पानाकडे फिरकत नाही. खाल्लेच तर तिची कात टाकण्याची आणि वाढीची क्रिया बिघडते. म्हणून निंबोळीही निर्दोष नव्हे. ती आधी, कीड नसलेल्या पानावर आणि मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावी, एवढाच विवेक गृहस्थाच्या हाती आहे.

आठवड्याभरात पानांवर राखी-काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या इवल्या पिल्लासारख्या अळ्या दिसू लागल्या. पुष्कळ लोक त्यांना नवी कीड समजून चिरडतात. त्या ढालकिड्याच्या अळ्या. मावा हेच त्यांचे अन्न. गृहस्थांनी त्या आणल्या नव्हत्या, केवळ हाकलल्या नाहीत. उसाच्या फडात पेट्या आणून सोडलेली डिफा आणि परसात आपणहून आलेला ढालकिडा यांत शास्त्र फरक करणार नाही. कारित आणि अकारित यांचा हिशेब ठेवणाऱ्याने तो अवश्य करावा. पुढल्या वर्षी मांडवाच्या कडेने चवळीची एक ओळ आली. चवळीवर मावा लवकर येतो आणि त्यामागे ढालकिडे. मधे झेंडू आला. कोथिंबिरीची चार रोपे न खुडता फुलू दिली, तिच्या फुलांवर सिरफीड माश्या घोंगावू लागल्या. त्यांच्याही अळ्या मावाच खातात.

आता ज्येष्ठात, पाऊस लागण्याआधी, पती-पत्नी कडुनिंबाखालच्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवतात. ओल्या राहिल्या तर बुरशी धरते आणि चातुर्मासात ते काम करायचे नाही, असा घरचा नेम. पौषात तीन-चार शेंड्यांवर मावा असतोच. पण शेंगा ताटात येतात. प्रत्येक शेंग उघडून, शोधून मगच चिरली जाते. शेंग पोखरणाऱ्या अळीवर मात्र त्यांना अजून मनाजोगता उपाय सापडलेला नाही. तशी शेंग निघाली की पत्नी ती बाजूच्या वाटीत ठेवतात, आणि गृहस्थ जेवणाआधी ती वाटी घेऊन मांडवाखाली जातात.