तीस दिवसांचा खर्डा

कादंबरी हा वाङ्मयप्रकार मी बावीस वर्षे शिकवत आलो आहे. गेल्या ऑक्टोबरात निवेदनतंत्रावरील तास संपल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, महिनाभर तुम्हीच लिहून पाहा ना.’ तीस दिवसांत ५०,००० शब्दांचा खर्डा पुरा करण्याच्या उपक्रमाची हकिगत मीच वर्गात सांगितली होती. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात एकवीस जणांनी तो सुरू केला. पुढे तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवले, पण आव्हान शिल्लक होते. रोज सुमारे १,६६७ शब्द लिहायचे आणि मागे वळून खाडाखोड करायची नाही. मी ते स्वीकारले.

जे लवकर लिहिले ते उथळ, असा संशय आपल्या समीक्षेत रूढ आहे. वाङ्मयेतिहासाचा पुरावा त्याला अनुकूल नाही. मुदत चुकल्यास नऊ वर्षे आपले लेखन मोबदल्याविना छापण्याचा हक्क प्रकाशक स्टेलोव्स्कीला मिळेल, अशा करारात अडकलेल्या दोस्तोयेव्स्कीने १८६६ च्या ऑक्टोबरात ‘जुगारी’ ही कादंबरी लघुलेखिका अ‍ॅना स्नित्किना हिला सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) पंचविशीत, अवघ्या काही आठवड्यांत लिहिली, हेही सर्वश्रुत आहे. परंतु दोस्तोयेव्स्कीने त्याआधी रूलेटच्या टेबलावर स्वतःचा पैसा घालवला होता, आणि पांडुरंग सांगवीकराच्या मागे खानदेशातले गाव व पुण्यातले वसतिगृह होते. मोजले जातात ते लेखणीचे दिवस, अनुभवाचे नव्हेत.

शीघ्रलेखनाने लेखकाचा अंतःस्वर मोकळा होतो, अशी या उपक्रमामागची श्रद्धा आहे. माझा अनुभव वेगळा होता. पहिले दहा दिवस जे मोकळे झाले, ते माझे नव्हतेच. शब्द निवडायला सवड नसल्याने हाताशी आली ती इतरांची वाक्ये : साठोत्तरी निवेदकाचा तिरकस सूर, ग्रामीण कादंबरीतला ठरलेला दुष्काळ, शहरी कथेतले ठरलेले एकटेपण. ज्या संकेतांवर विद्यार्थ्यांच्या लेखनात मी लाल खुणा केल्या, ते सारे माझ्याच वहीत रांगेने उभे होते.

सतराव्या दिवशी निवेदकाचे वडील खरेदीखतावर सही करून कचेरीबाहेर आले आणि मुलाला म्हणाले, ‘चाल, तुले भूक लागली असन.’ हे वाक्य मी रचले नव्हते. माझ्या शिक्षणासाठी विकलेल्या दोन एकरांविषयी मी घरातही कधी बोललो नव्हतो; समीक्षेत तर अशा वाक्यांना मी ‘भावविवश’ म्हणत आलो. त्या दिवशी ते टाळायलाही वेळ नव्हता. पुढचे तीन दिवस एक शब्द लिहिता आला नाही.

महिनाअखेर ३१,००० शब्द झाले. आव्हान मी हरलो, आणि खर्ड्याचा बहुतेक भाग टाकाऊ आहे. तरी एक गोष्ट ध्यानात आली. वेगात आधी उसने येते. ते सरल्यावर क्वचित आपले येते. पहिल्या पानांवरून लेखनाचा निवाडा करण्याची सवय मला आता तपासावीशी वाटते.

त्या विद्यार्थिनीने दोन वर्षांपूर्वी आपल्या कादंबरीचा खर्डा मला वाचायला दिला होता. बारा पाने वाचून मी तो परत केला होता. परवा तो पुन्हा मागून घेतला.