रॅम्बो: जखम आणि कसब

जॉन रॅम्बो हा मारधाडपटांतला सर्वांत ओळखीचा माजी सैनिक जन्मला तो कादंबरीत. डेव्हिड मॉरेल यांची ‘फर्स्ट ब्लड’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. मॉरेल मूळचे कॅनडाचे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात शिकत असताना ते वर्गही घेत, आणि त्या वर्गांत व्हिएतनामहून परतलेली मुले असत. रात्रीची भयानक स्वप्ने, उडालेली झोप, घामाने भिजून जागे होणे हे सारे त्यांच्या कानांवर आले ते या मुलांकडून. दूरचित्रवाणीवर तेव्हा व्हिएतनाममधली लढाई आणि अमेरिकी शहरांतल्या दंगली पाठोपाठ दिसत. ती लढाई परतलेल्या सैनिकाच्या पावलांनी एखाद्या लहानशा अमेरिकी गावात शिरली तर काय होईल, हा कादंबरीचा प्रश्न.

कादंबरीत कथन आलटून पालटून रॅम्बो आणि पोलीसप्रमुख टीझल यांच्या मनातून पुढे सरकते. टीझलही कोरियाच्या युद्धात पदक मिळवलेला सैनिक आहे. एक जुना योद्धा आणि एक नवा, दोघेही हट्टी. त्यामुळे वाचकाला कोणा एकाची बाजू धरून निश्चिंत बसता येत नाही. हा रॅम्बो माणसे मारतो, पुष्कळ मारतो. शेवटी दोघेही मरतात आणि रॅम्बोला गोळी घालतो तो त्याच्याच दलाचा अधिकारी ट्राउटमन.

टेड कॉचेफ दिग्दर्शित चित्रपट २२ ऑक्टोबर १९८२ रोजी आला. त्याच्या पटकथेतला सर्वांत मोठा बदल हिंसेच्या मापात आहे. सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा रॅम्बो जंगलात पाठलाग करणाऱ्या शिपायांना जायबंदी करतो, शेरीफ टीझलच्या गळ्याला सुरी लावतो आणि सोडून देतो. त्याच्यामुळे मरतो तो एकच, हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या झाडणारा. तोही रॅम्बोने फेकलेल्या दगडाने हेलिकॉप्टर हेलकावल्यावर तोल जाऊन खाली पडतो. मारण्याची पूर्ण ताकद असलेला माणूस हात आवरतो आहे, हे दिसत राहिल्यामुळेच प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. मारधाडीचा नायक लिहिताना हे भान फार मोलाचे आहे.

सुरुवातीची काही मिनिटे तर पटकथा लिहिणाऱ्याने पाठ करावीत अशी आहेत. रॅम्बो तळ्याकाठच्या घरी जुन्या साथीदाराला भेटायला जातो. तिथे कळते की तो कर्करोगाने गेला. व्हिएतनाममध्ये झाडांची पाने झडवण्यासाठी फवारलेले रसायन त्याला कारण. दलातला आपल्याखेरीज उरलेला शेवटचा माणूसही गेला, हे आता रॅम्बोला माहीत आहे. हे दुःख उरात घेऊन तो होप नावाच्या गावात शिरतो, आणि शेरीफ त्याला गाडीत घालून वेशीबाहेर सोडतो. रॅम्बोला हवे असते फक्त जेवण. तो माघारी वळतो तेवढ्यावरून पुढचे सारे रामायण घडते. कोठडीत शिपाई त्याची जबरदस्तीने दाढी करायला वस्तरा पुढे आणतात, आणि त्याला युद्धकैदेत छातीवर चाललेले पाते आठवते. त्या क्षणी तो जे करतो ते एकाच वेळी भेदरलेल्याचे वागणे आहे आणि तरबेज सैनिकाचेही. जखम आणि कसब इथे वेगळे काढता येत नाहीत. या पात्राची सगळी ताकद या एका सांध्यात आहे.

सुरीचेही तसेच. आर्कान्सातले कारागीर जिमी लाइल यांनी ती चित्रपटासाठी घडवली. मूठ पोकळ, टोपणात होकायंत्र, आत सुईदोरा. रॅम्बो त्या सुईने स्वतःचा फाटलेला दंड शिवतो. हत्यार आधी जगण्यासाठी वापरलेले दिसते, म्हणून पुढे त्याची भीतीही खरी वाटते.

पहिले संकलन तीन तासांपुढे गेले होते. कापून ते सुमारे ९३ मिनिटांवर आणताना रॅम्बोचे बरेच बोलणे गेले, आणि ते योग्यच झाले. चित्रपटभर जवळजवळ मुका असलेला माणूस शेवटी ट्राउटमनसमोर बोलतो, तेव्हा सायगावमध्ये बूट पुसायच्या पेटीत दडवलेल्या स्फोटकाने छिन्न झालेल्या मित्राची आठवण त्याच्या तोंडून फुटते. तो हुंदके देतो. मारधाडीच्या नायकाला असे रडू देण्याचे धैर्य त्या काळी दुर्मीळ होते.

कादंबरीप्रमाणे त्याच्या मृत्यूचा शेवटही चित्रित झाला होता. कर्क डग्लस यांना ट्राउटमनची भूमिका देऊ केली होती; रॅम्बो मेलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता आणि ते बाहेर पडले. रिचर्ड क्रेना त्यांच्या जागी आले. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना तो मृत्यू सोसला नाही, आणि तो शेवट वगळला गेला. अमेरिकेत युद्धानंतरच्या मानसिक आघाताला वैद्यकीय वर्गीकरणात अधिकृत नाव १९८० साली मिळाले होते, आणि वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाचे लोकार्पण चित्रपटानंतर तीनच आठवड्यांनी झाले. परतलेल्यांना मरणाखेरीज वाट नाही असे सांगण्याची ती वेळ नव्हती. रॅम्बोला जिवंत ठेवणे बरोबरच होते.

१९८५ च्या दुसऱ्या भागात मात्र कसब राहिले आणि जखम गेली. तेलकट दंड, स्फोटक बाण, ढिगाने प्रेते. १९८६ मध्ये मुलांसाठी रॅम्बोची व्यंगचित्रमालिका निघाली. तिसऱ्या भागात तो अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेशी लढला. चित्रपट लागला २५ मे १९८८ रोजी, आणि ती फौज १५ मेपासूनच माघारी निघाली होती. २००८ चा म्यानमारमधला भाग अंगावर येणारा आहे, पण त्यातला थकलेला, कडवट माणूस निदान ओळखीचा वाटतो. २०१९ चा शेवटचा भाग केवळ सूडकथा.

माजी सैनिकाला नायक करू पाहणाऱ्या लेखकाने १९८२ चा चित्रपट आणि १९७२ ची कादंबरी शेजारी ठेवून पाहावा, वाचावी, आणि उरलेले चार भाग नंतर बघावेत.