साताऱ्याचे दार, सांगलीची सावली

साताऱ्याचे रेल्वे स्टेशन साताऱ्यात नाही. कृष्णा आणि वेण्णा जिथे एकमेकींना मिळतात, त्या माहुलीच्या बाजूला ते आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाला पुन्हा रिक्षाचे भाडे मोजून गाव गाठावे लागते. पोवई नाका जवळ आला की अजिंक्यतारा दिसू लागतो आणि मग आपण साताऱ्यात आल्याची खात्री पटते. बाहेरगावची माणसे इथून कंदी पेढे घेतात आणि कासच्या पठाराकडे निघतात. आम्ही दोघे शिक्षक यावेळी सुट्टीत साताऱ्याला आणि तिथून सांगली-मिरजेला गेलो, ते मात्र वेगळ्या कामासाठी. आमच्यासोबत आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई होती. तिला या लेखात नुसते भाभी म्हणू.

साताऱ्याला बेघर मुलांना छप्पर देण्याची जुनी सवय आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. त्या काळात सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले. वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. आम्ही बी.एड.ला हे परीक्षेपुरते पाठ केले होते. साताऱ्याच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर त्यातला पैशाचा हिशेब डोळ्यांसमोर येतो. रोज संध्याकाळी पन्नास-साठ मुलांना भाकरी लागते, आणि घरात विकण्यासारखे काय उरले आहे याचा विचार एक बाई करते आहे.

आम्हाला जायचे होते ते 'परिवर्तन' या व्यसनमुक्ती केंद्रात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ते सुरू केले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली, हेही माहीत आहे. व्यसनमुक्तीचे काम त्या मानाने कमी लोकांना ठाऊक. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभारले, त्याच वाटेवरचे हे साताऱ्यातले काम. दाभोलकरांचे चिरंजीव मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि ते हे काम पाहतात. त्यांचे नाव हमीद. हमीद दलवाईंवरून ते ठेवले. दलवाईंची मते आपल्यातल्या अनेकांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत, आणि तो वाद इथे काढण्याचे कारण नाही. भाभी मात्र नाव ऐकून सावरून बसल्या. आपल्यातलेच कोणी डॉक्टर आहेत, असे त्यांना वाटले. आम्ही खुलासा केला, तरी त्यांचा चेहरा हलका झाला तो झालाच.

भाभींची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती एकट्या त्यांची नाही. मियाँ ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. दारू रस्त्यावर लागली. आधी महिन्याकाठी, मग रोज, मग सकाळी उठल्या उठल्या. गाडी गेली, मग भाड्याची खोली गेली. भाभी मुलांना घेऊन भावाकडे राहायला आल्या. मोहल्ल्यात सांगितले, मियाँ पुण्याला कंपनीत आहेत. प्रत्यक्षात तो माणूस मिरज स्टेशनच्या बाहेर झोपत होता. हे अकरा दिवस चालले होते आणि घरात कोणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

दुसऱ्या घरात दारू असते तेव्हा तो शेजाऱ्यांच्या चहाडीचा विषय असतो. आपल्या घरात असते तेव्हा ती हरामही असते, त्यामुळे तोंड दुप्पट बंद होते. मशिदीत सांगायची सोय नाही, माहेरी सांगितले तर धाकट्या बहिणीचा रिश्ता तुटेल ही भीती. म्हणून आपल्याकडची माणसे डॉक्टरपर्यंत फार उशिरा पोचतात. एरवीही पोचणारे थोडेच. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाल्याचे दिसले. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक तेव्हा ५ कोटी ७० लाख होते.

भाभींच्या घरातही एकदा उपाय झाला होता. दिरांनी मियाँना खोलीत कोंडले आणि दारू पूर्ण बंद केली. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम सुटला. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले, नसलेल्या माणसांशी ते बोलू लागले. घरच्यांनी ठरवले, हा असर आहे. एका बावाकडे नेले, तावीज आणला, धूर दिला. नशिबाने माणूस वाचला.

हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण हा असर जिन्नाचा नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली की मेंदू खवळतो. फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीवही जातो. पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधे देऊन, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन काढावे लागतात. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. गटात बसून बोलणे, सकाळचा व्यायाम, ठरलेल्या वेळी जेवण आणि झोप, घरच्यांशी बोलणे. घरच्यांनाही बोलावतात, कारण दारू एकजण पितो आणि आजारी सगळे घर पडते. भाभींना त्यासाठीच यायचे होते.

आत आम्ही गेलो नाही. ती त्यांची आपसातली बैठक होती. तास-सव्वा तासाने भाभी बाहेर आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "सर, वो बोले, मोहल्ले में सच बता दो." मग मराठीत म्हणाल्या, "पण ते कसं सांगू?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. एसटीत बसल्यावर मात्र आम्ही त्यांना सहीह बुखारीतली एक हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एक सहाबी होते, लोकांना हसवणारे. दारूच्या गुन्ह्यात ते पुन्हा पुन्हा पकडले जात आणि त्यांना शिक्षा होई. एकदा कोणीतरी वैतागून त्यांच्यावर लानत पाठवली. प्रेषितांनी (स.) त्याला थांबवले. या माणसाचे अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे, अशी ग्वाही दिली. शिक्षा माफ झाली नाही, पण माणसाला टाकूनही दिले नाही. आपल्या मोहल्ल्यात नेमके उलटे होते. शिक्षा कोणी करत नाही, उपचारही करत नाही, आणि माणूस मात्र टाकून दिला जातो. कुरआनात दारूबंदीचा हुकूमही टप्प्याटप्प्याने आला. आधी तिचा तोटा फायद्याहून मोठा असल्याचे सांगितले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली, आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली. ज्या समाजाच्या रक्तात दारू भिनली होती, त्याला इतका वेळ देण्यात आला. भाभी ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत.

साताऱ्याहून सांगलीचा रस्ता कराडवरून पेठ नाक्यापर्यंत महामार्गाने जातो, मग आष्ट्याकडे वळतो. दोन्ही बाजूंना ऊस. आम्ही थेट मिरज गाठली, कारण ते अकरा दिवस जिथे गेले ती जागा भाभींना पाहायची होती.

मिरजेत बेघर माणसे का जमतात, हे गाव एकदा हिंडले की समजते. इथे मोठे जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव अशा चारी बाजूंच्या गाड्या येतात. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनचे रुग्णालय काढल्यापासून हे दवाखान्यांचे गाव झाले. कर्नाटकातूनही रोगी येतात, आणि पैसे संपलेले नातेवाईक बाहेरच्या फुटपाथवर झोपतात. आणि ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत. दर्ग्यात येणाऱ्याला त्याची जात कोणी विचारत नाही, पोटाला काही ना काही मिळते. गाडी, दवाखाना, दर्गा. ज्याचे सगळे सुटले तो या तिघांपैकी एकीकडे पोचतोच. स्टेशनबाहेर भाभी एका कठड्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला."

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर मोजले गेले, त्यातले २ लाख १० हजार महाराष्ट्रात. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, पाइपांत, फलाटावर झोपणाऱ्यांची ती रात्रीची मोजणी होती. दारू हे त्यामागचे एकच कारण नव्हे. घर सोडून आलेल्या बाया असतात, मुलांनी आणून सोडलेले म्हातारे असतात, डोक्यावर परिणाम झालेले असतात. सांगलीकरांना तर छप्पर जाणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा पक्क्या घरांतली माणसेसुद्धा शाळांत आणि मंगल कार्यालयांत सतरंजीवर झोपली.

सरकारचे धोरण कागदावर चांगले आहे. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरातल्या दर एक लाख लोकांमागे निदान शंभर बेघरांची बारमाही, चोवीस तास उघडी सोय असावी, असे म्हटले होते. कुटुंबांसाठी, एकट्या स्त्रियांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, आजारातून उठणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था करण्याचीही तरतूद होती. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून २०११ ची लोकसंख्या ५ लाख २ हजार. गणित पाचवीतले आहे, वाचकांनी करावे.

सांगलीत महापालिकेचे 'सावली' निवारा केंद्र आहे आणि ते इन्साफ फाउंडेशन ही संस्था चालवते. आपल्या समाजातल्या तरुणांनी पुढे होऊन हे काम धरले आहे, आणि आत येणाऱ्यांत सगळे जातिधर्म आहेत. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला आणायचे, आंघोळ घालायची, केस-दाढी करायची, जखमा धुवायच्या, दवाखान्यात न्यायचे, आणि मग हळूहळू त्याचे गाव, त्याचे घर शोधायचे. ऐकायला सोपे वाटते. महिनोन् महिने न धुतलेल्या माणसाच्या पायातली अळी पडलेली जखम धुणे काय असते, ते ज्याने धुतली त्यालाच ठाऊक.

आपल्याला सुफ्फाची आठवण होते. मदीनेत मस्जिदे नबवीला लागून एक सावलीचा चबुतरा होता. ज्यांना घर नव्हते, कुटुंब नव्हते असे सहाबा तिथे राहत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. घरी आलेल्या दुधाच्या प्याल्यात आधी त्यांचा वाटा असे. त्या मशिदीच्या आवारात बेघरांसाठी जागा होती आणि आज आपल्या बऱ्याच मशिदींना इशाच्या नमाजनंतर कुलूप लागते. चोरीची भीती खरी आहे, ट्रस्टींच्या अडचणी खऱ्या आहेत, हे आम्ही जाणतो. तरी ही तुलना मनातून जात नाही.

जकातीचे आठ हक्कदार कुरआनात सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन आपल्या लक्षात राहतात. कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला मुसाफिर हे दोघे यादीच्या शेवटी राहून जातात. ज्या घरातला कर्ता दारूत गेला त्या घरातली बाई कर्जदार असते, मिस्कीनही असते, पण ती मागायला येत नाही. मागितले तर कारण सांगावे लागेल. रमजानमध्ये आपल्याकडे साड्या आणि शिधा भरपूर वाटला जातो. तोच पैसा अशा एखाद्या बाईच्या तीन महिन्यांच्या खोलीभाड्याला, मुलांच्या फीला लागला, तर नवरा उपचार घेत असताना घर उभे राहते. कोणाला द्यावी आणि कशी, हे आपल्या आलिमांना विचारावे. विचारावे मात्र जरूर. आणि घरात व्यसनाचा प्रश्न असेल तर १४४४६ हा सरकारचा मोफत फोन आहे, नाव सांगावे लागत नाही.

निवाऱ्याला लागणाऱ्या वस्तूही आपण समजतो त्या नसतात. जुने सूट, झरीच्या साड्या, ईदची उरलेली बिर्याणी लोक आणून देतात. गरज असते ती नव्या आतल्या कपड्यांची, स्लिपरांची, नखे कापायच्या कातरीची, म्हाताऱ्यांच्या डायपरची, साबणाची.

सांगलीत एक बुजुर्ग भेटले, डोक्यावर टोपी, नुकतीच दाढी केलेली. गाव विचारले की सांगतात, वडगाव. कोणते वडगाव हे आठवत नाही. मशिदीला लागून चिंचेचे झाड आहे एवढे आठवते. आमच्यातले एकजण भूगोल शिकवतात. ते वही काढून त्यांच्याजवळ बसले. पेठ वडगाव? वडगाव हवेली? वडगाव निंबाळकर? वडगाव मावळ? वडगाव जयराम स्वामी? प्रत्येक नावाला बाबा आनंदाने मान हलवत होते आणि म्हणत होते, "हां, हां, वहीच."