आरोग्यशालेच्या दारात

बायॉन मंदिराच्या मनोऱ्यांवरचे मंद हसणारे दगडी चेहरे सकाळीच पाहून झाले होते. अंकोर थॉमच्या विजयद्वारातून बाहेर पडून ता केवच्या मंदिराजवळ आलो, तेव्हा मी टुकटुक थांबवायला सांगितली. चालकाला नवल वाटलं. इथे कुणी उतरत नाही. झाडीत वालुकाश्माचं एक छोटं, पडकं देऊळ आहे, एवढंच.

पण मी कंबोडियाला आलो तो या देवळासाठी. ख्मेर राजा सातव्या जयवर्मनच्या एका रुग्णालयाचं हे देऊळ.

1177 मध्ये शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम सैन्याने ख्मेर राजधानी अंकोर लुटली. जयवर्मनने चामांना हटवलं आणि 1181 मध्ये तो गादीवर बसला, तेव्हा त्याचं वय बहुधा पन्नाशीच्या पुढे होतं. मग जणू वेळ कमी उरल्यासारखं त्याने बांधायला घेतलं: आईच्या स्मरणार्थ ता प्रोमचं मंदिर, वडिलांसाठी प्रेह खानचं, तीन-तीन किलोमीटर लांबीच्या तटांचं अंकोर थॉम शहर. आणि राज्यभर 102 रुग्णालयं.

या रुग्णालयांच्या शिलालेखांची भाषा संस्कृत, त्यामुळे ‘आरोग्यशाला’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. प्रजेच्या देहाचा रोग राजाच्या मनाला अधिक छळत होता, असं त्यांत म्हटलं आहे. चारही वर्णांना तिथे उपचार मिळत. मध, तीळ, कापूर, पिंपळी अशा जिनसांची मापं दगडावर कोरलेली आहेत. राजाची करुणा तोळ्या-माशांत मोजलेली पाहिली की माझा तिच्यावर विश्वास बसतो.

तरीही ता प्रोमच्या शिलालेखातला एक आकडा मनातून जात नाही. या रुग्णालयांसाठी 838 गावं आणि 81,640 माणसं राबत होती. ज्यांच्या भातावर औषधं तयार झाली, त्यांच्यापैकी किती जण इथवर पोचले असतील?

रोग्यांच्या खोल्या लाकडाच्या होत्या, त्या कधीच कुजून गेल्या. दगड फक्त देवासाठी, म्हणून रोग बरे करणाऱ्या भैषज्यगुरू बुद्धाचं घर तेवढं उरलं. राजवाडासुद्धा लाकडीच होता, तोही गेला.

गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. उंबऱ्यावर कुणीतरी नुकत्याच लावलेल्या उदबत्तीची राख पडली होती. मी पायातले जोडे काढले.