आठवणींचे दप्तर

मनुष्याचे चरित्र त्याच्या जन्मापासून सुरू होते असे चरित्रकार मानतात; परंतु ज्याचे त्याला विचारले, तर तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या एखाद्या पुसट प्रसंगापाशी येऊन अडतो, आणि त्यामागचा सारा मुलूख त्याला उजाड आढळतो. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली या बाल्यविस्मृतीचे नामकरण केले व तिचे खापर दमनावर फोडले. मला मात्र त्या विस्मृतीपेक्षा तिच्या सरहद्दीवर होणाऱ्या स्मृतीच्या जन्माचे कौतुक अधिक वाटते. कारण तो जन्म पुष्कळदा घरातल्या संध्याकाळच्या निरुद्योगी बोलण्यातच होत असतो.

नरसोबाच्या वाडीहून परतून आठवडा लोटलेला असतो. एखादी आई भाजी निवडता निवडता मुलाला म्हणते, "आपण नावेत बसलो, तेव्हा वाऱ्यानं तुझी टोपी उडाली, मग तू नावाड्याला काय म्हणालास रे?" दुसरी, तितकीच मायाळू, परंतु कचेरीतल्या जबानीच्या थाटात विचारते, "कुठं गेलो होतो आपण? कोण कोण होतं? अरे, सांग की!" पहिल्या प्रश्नात नदी, वारा आणि फजिती आधीच येऊन बसलेली असतात, मुलाने केवळ आपला वाटा घालावयाचा असतो, दुसऱ्यात परीक्षा असते, आणि उत्तर न आले की तोच प्रश्न पुन्हा. रॉबिन फिवश, इलेन रीस प्रभृती संशोधकांनी अशा संभाषणांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा तपशील फुलवीत बोलणाऱ्या मातांची मुले पुढे आपला भूतकाळ अधिक सविस्तर सांगतात असे दिसून आले. न्यूझीलंडमधील २००० सालच्या एका अभ्यासात तर, पूर्वजांच्या कथनाला थोर मान देणाऱ्या माओरी समाजातील प्रौढांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या सुमाराची निघाली, आणि त्याच देशातील युरोपीय वंशीयांची साडेतीन वर्षांच्या.

परंतु ज्या मुखाने आठवणीला आकार मिळतो, त्याच मुखाने तिच्यात असत्यही शिरते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाला आपल्या दुसऱ्या वर्षीचा एक प्रसंग लख्ख दिसत असे: पॅरिसच्या शाँझेलिझेवर कोणी इसम त्याला बाबागाडीतून पळवू पाहतो, आया झुंजते, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात, पांढरा दंडुका घेतलेला शिपाई धावून येतो. तो सुमारे पंधरा वर्षांचा असताना त्या आयेने पत्र लिहून सारा बनाव कबूल केला, आणि बक्षीस मिळालेले घड्याळही परत पाठविले. आईबापांनी विश्वासाने सांगितलेली हकिकत मुलाने डोळ्यांसमोर उभी केली होती. तीत त्याची स्वतःची अशी साक्ष मुळी नव्हतीच.

तात्पर्य, आईबाप हे लेकराच्या दप्तराचे कारकून होत. त्यांच्यावाचून नोंद होत नाही, परंतु दप्तराची मालकी त्यांची नव्हे. उडालेली टोपी निळी होती असे आपण सांगत असता, "नाही, लाल होती!" म्हणून पोर हट्टास पेटले, तर छायाचित्र काढून त्याला गप्प करणारा बाप सत्याची सेवा करतो खरी, तथापि "असं? मग पुढं काय झालं?" असे विचारून त्याची कैफियत पुरती ऐकून घेणारा, आणि टोपीच्या रंगाचा फैसला मागाहून करणारा बाप, त्या मुलाला आपल्या आयुष्याचा पहिला साक्षीदार होण्याचा हक्क बहाल करतो.